त्या जेसीबीवाल्या दादांचे आभार

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात रस्ता रुंद करताना वेशीजवळचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, मुरमाच्या ढिगात गेला. मी धावत पोचलो, तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण नक्षी दिसताच जेसीबीवाल्या दादांनी मशीन बंद केलं होतं. उतरून हातानं माती सारली, स्वतःची शाल दगडाभोवती गुंडाळली, मगच पट्टा लावून उचलला आणि मारुतीच्या पाराला अलगद टेकवला. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य; सगळं शाबूत! आम्ही गावकरी वर्षानुवर्षं त्याला शेंदूर फासत आलो, वाचवला मात्र तुम्ही. दादा, गडबडीत नाव विचारायचं राहिलं. शाल धुऊन ठेवलीय. घ्यायला या, जेवूनच जा.