पडताळणी यशस्वी दाखवूनही न उतरलेल्या डिस्क इमेजबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या डिस्क इमेजिंग सॉफ्टवेअरने रोज दिलेला ‘पडताळणी यशस्वी’ हा खोटा निर्वाळा, आणि त्याबाबत आपल्या प्रतिनिधीने दिलेली उत्तरे

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवेशी झालेल्या संभाषणानंतर यापुढे फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र लेखी पाठवत आहे. याचे उत्तरही लेखीच हवे.

मी नाशिकमध्ये घरूनच मराठी पुस्तकांची व दिवाळी अंकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. माझ्याकडे येणाऱ्या कामांपैकी बरीचशी कामे जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्तींची असतात आणि त्यांच्या मूळ फाइल पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या २००१ मधील सातव्या आवृत्तीत, युनिकोड ही सर्व संगणकांवरची समान अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. तो नेमका फॉन्ट आणि त्याचा कळफलक संगणकावर नसेल, तर पडद्यावर मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशी मांडणी पुन्हा बसवायची म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेले फॉन्ट, त्यांचे परवाने, शब्दकोश, छपाईच्या जुळवण्या हे सगळे एकेक करून उभे करावे लागते, आणि त्यातील काही सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांनी आता दुकानही बंद केलेले आहे. मला केवळ फाइलींची नक्कल हवी असती तर ती मी बाहेरच्या डिस्कवर स्वतः करत होते आणि आजही करते. आपले सॉफ्टवेअर मी घेतले ते संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, ठेवून पूर्ण संगणक, जसा आहे तसा, दुसऱ्या डिस्कवर उतरवता यावा एवढ्यासाठीच.

ही निवड मी विचारपूर्वक केली होती. विंडोजमधील सिस्टिम इमेजची जुनी सोय पुढे विकसित होणार नाही आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतरांची साधने वापरावीत, असे मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच सांगितले होते. क्लोनझिला हे इमेज घेण्याचे साधन मोफत आहे आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे, परंतु त्यासाठी प्रत्येक वेळी काम थांबवून संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो आणि मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर त्याची इमेज सहजासहजी उतरत नाही. मॅक्रियम रिफ्लेक्ट या अशाच दुसऱ्या साधनाच्या मोफत आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२४ रोजी संपला. या सगळ्याचा विचार करून, ज्याची कंपनी पुढेही उभी राहील आणि अडचणीच्या वेळी फोन उचलेल असे सॉफ्टवेअर पैसे मोजून घ्यावे, असे मी ठरवले. आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळकपणे लिहिलेल्या होत्या : काम चालू असताना इमेज घेता येईल, डिस्क बंद पडल्यावर संगणक ज्यावरून सुरू करायचा त्या बचाव पेन ड्राइव्हमध्ये लागणारे ड्रायव्हर (संगणकातील भाग ओळखणारी छोटी सॉफ्टवेअर) आपोआप घातले जातील आणि प्रत्येक बॅकअपची पडताळणी होईल. यापैकी पहिली गोष्ट खरी ठरली.

दिवाळी अंकांची पाने छपाईला जाण्याच्या ऐन दिवसांत माझ्या लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, बंद पडली. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. डिस्क कधी ना कधी जातेच, म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. नवी डिस्क बसवून मी आपल्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या बचाव पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, तेव्हा यादीत फक्त तो पेन ड्राइव्ह आणि बॅकअपची बाहेरची डिस्क दिसली. नवी एसएसडी दिसलीच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क (एसएसडीचा एक वेगवान प्रकार) व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क नियंत्रकामागे असते आणि विंडोज पीई या विंडोजच्या ज्या छोट्या रूपावर आपला बचाव पेन ड्राइव्ह चालतो त्यात या नियंत्रकाचा ड्रायव्हर मुळात नसतो, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नसावी. पेन ड्राइव्ह बनवताना मात्र ‘या संगणकासाठी आवश्यक ते सर्व ड्रायव्हर समाविष्ट केले’ असा संदेश आपण दाखवला होता. आपल्या प्रतिनिधीने यावर नवीन डिस्क सदोष असल्याचे निदान केले आणि ती दुकानात परत करण्याचा सल्ला दिला. शेवटी त्या दुकानातील एका तरुण तंत्रज्ञाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हीएमडी तात्पुरते बंद केले, आणि डिस्क तत्काळ दिसू लागली. रिस्टोअर, म्हणजे इमेज नव्या डिस्कवर उतरवणे, झाल्यावर विंडोज सुरू होण्यासाठी तीच सेटिंग पुन्हा चालू करावी लागेल, हेही त्यानेच मला आधी सांगून ठेवले. आपला पगार घेणाऱ्या एकाही व्यक्तीला हे सुचले नाही.

पण माझी मुख्य तक्रार याच्या पुढची आहे. डिस्क दिसल्यावर मी शेवटच्या रात्रीचा बॅकअप निवडला आणि तो अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ‘इमेज फाइल दूषित आहे’ असे सांगून थांबला. त्या बॅकअपसमोर हिरवी खूण होती आणि ‘पडताळणी यशस्वी’ असे लिहिलेले होते. त्याच्या आधीच्या बॅकअपसमोरही होती, आणि त्याच्याही आधीच्या. आपल्या सॉफ्टवेअरने स्वतःहून इन्क्रिमेंटल पद्धत निवडलेली होती, म्हणजे पूर्ण इमेज एकदाच आणि त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग. या पद्धतीत शेवटचा बॅकअप त्याच्या आधीच्या प्रत्येक दुव्यावर अवलंबून असतो आणि मधला एक दुवा बिघडला की त्याच्या पुढचे सगळे निरुपयोगी होते. डिफरन्शियल पद्धतीत, जिथे दर वेळी पूर्ण इमेजनंतरचे सगळे बदल एकाच फाइलीत घेतले जातात, निदान पूर्ण इमेज आणि एकच फाइल शाबूत असली तरी भागते. असे असताना आपली रोजची पडताळणी फक्त त्या रात्रीची नवी फाइल तपासते, मागची साखळी वाचतच नाही, हे मला आपल्या प्रतिनिधीकडून सगळे घडून गेल्यावर कळले. वरच्या मजल्याचा गिलावा पाहून पायासकट सगळी इमारत मजबूत असल्याचा दाखला देण्याचा हा प्रकार आहे. संपूर्ण साखळी तपासण्याचा पर्याय प्रगत सेटिंगमध्ये आहे आणि तो मुळात बंद ठेवलेला असतो, असे मला सांगण्यात आले. मग त्या हिरव्या खुणेचा अर्थ आपण काय ठरवला आहे?

आता आजच्या संभाषणाकडे येते. वरील सर्व हकिगत मी सलग आणि शांतपणे सांगितली. ती ऐकून घेतल्यावर आपले प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, तुमच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर आहेत ना?” मी होय म्हटले. त्यावर ते म्हणाले, “मग नुकसान काय झालं? विंडोज नवीन टाका आणि फाइली कॉपी करा.” मला वाटले त्यांना माझे म्हणणे कळले नसावे, म्हणून फॉन्ट, परवाने, कळफलक आणि जुळवण्या यांबद्दल मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्यांनी मला मध्येच थांबवले आणि विचारले, “घरी सर आहेत का? त्यांना फोन द्या, त्यांना टेक्निकल समजावून सांगतो.” मी त्यांना सांगितले की सॉफ्टवेअर माझ्या नावावर आहे, संगणक माझा आहे आणि काम मी करते. यावर क्षमा मागण्याऐवजी त्यांनी मला होल्डवर टाकले, परत आल्यावर कागदावरून वाचावे तसे “इमेज दूषित होणे हा हार्डवेअरचा विषय असून रिस्टोअरच्या यशाची हमी कंपनी देत नाही” हे वाक्य ऐकवले आणि तक्रार निकाली निघाल्याचा संदेश फोन सुरू असतानाच माझ्या मोबाइलवर पाठवून दिला.

विंडोज नवीन टाका आणि फाइली कॉपी करा, हा सल्ला डिस्क इमेजिंग विकणारी कंपनी आपल्या ग्राहकाला देते! हेच करायचे असते तर आपल्या सॉफ्टवेअरची गरज कोणाला असती? रिस्टोअर होईल एवढ्यासाठीच माणूस इमेज घेतो. ज्या कंपनीला रिस्टोअरची जबाबदारी नको आहे, तिने इमेज विकू नये. बॅकअप अयशस्वी झाला असे त्या पडद्याने एकदाही सांगितले असते, तर मी त्याच दिवशी नवी पूर्ण इमेज घेतली असती. त्याने रोज उलटेच सांगितले. मला राग आहे तो या हिरव्या खुणेचा.

साखळीतील बिघडलेल्या दुव्याच्या आधीची तारीख निवडून पाहावी, हे सुचवलेही त्या दुकानातील तंत्रज्ञानेच, आणि पावसाळ्यापूर्वीच्या स्थितीचा माझा संगणक परत मिळाला. त्यानंतर बसवलेले एका प्रकाशकाचे फॉन्ट, दोन अंकांसाठी तयार केलेल्या शैली आणि दुरुस्त केलेला शब्दकोश मात्र गेला, आणि ते पुन्हा करताना एका अंकाची छपाईतील पाळी चुकली. ज्या संपादकांनी माझ्या शब्दावर छापखान्याची वेळ घेतली होती, त्यांना मला जे उत्तर द्यावे लागले ते देण्याची वेळ आपल्या प्रतिनिधीवर आली असती, तर “नुकसान काय झालं” हा प्रश्न त्यांनी विचारला नसता.

माझ्या मागण्या अशा आहेत. वार्षिक शुल्क पूर्णपणे परत करावे. केवळ शेवटची फाइल तपासली असताना ‘पडताळणी यशस्वी’ असे लिहिणे थांबवावे आणि संपूर्ण साखळी शेवटची कधी तपासली, ती तारीख पहिल्याच पडद्यावर दाखवावी. बचाव पेन ड्राइव्ह तयार झाल्यावर त्यावरून संगणक सुरू करून अंतर्गत डिस्क दिसते का ते पाहण्याची सूचना ग्राहकाला द्यावी. आणि आज माझ्याशी ज्या पद्धतीने बोलण्यात आले त्याबद्दल लेखी क्षमा मागावी. यापैकी शुल्क परत करून बाकीचे विसरून जाण्याचा प्रस्ताव मला मान्य होणार नाही, कारण आपली ती हिरवी खूण आजही असंख्य लोक विश्वासाने पाहत असतील.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपले मुख्यालय दूरच्या शहरात असल्याने मला काही अडचण येणार नाही. मी हे सॉफ्टवेअर व्यवसायासाठी वापरते म्हणून मी ग्राहकच नाही, असे उत्तर कृपया पाठवू नये. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्या व्यक्तीला हाच कायदा ग्राहक मानतो.

शुल्काची पावती, पडताळणीच्या नोंदींची फाइल, रिस्टोअर थांबला त्या क्षणाचे छायाचित्र आणि तक्रार निकाली निघाल्याचा आपला संदेश सोबत जोडला आहे. दूषित झालेली इमेज मी पुसलेली नाही. आपल्या अभियंत्यांना ती तपासायची असेल, तर त्यांनी नाशिकला येऊन माझ्यासमोर तपासावी. ती डिस्क मी कुरिअरने पाठवणार नाही.

आपली,
एक ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक