फॉर्मवरच्या एका प्रश्नाबद्दल

चि. अद्वैत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आरोग्य विम्याच्या फॉर्मवर ‘साहसी खेळांत भाग घेता का?’ असा जो प्रश्न आहे, त्यावरून रविवारी मी फोनवर तुझ्यावर रागावले आणि ‘आई, कोण बघतंय, तिथे “नाही” लिहून टाकू,’ असे म्हणून तू फोन ठेवलास. ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. डोंगराविषयी एक अक्षर लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

मार्चमध्ये तुला पंचवीस पूर्ण होतील आणि आपल्या फॅमिली फ्लोटरमधून, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र आरोग्य विम्यातून, तुझे नाव निघेल. स्वतंत्र पॉलिसीचा अर्ज त्याआधीच, याच कंपनीत कर, म्हणजे आपण इतकी वर्षे भरलेल्या हप्त्यांमुळे संपलेला प्रतीक्षाकाळ पुन्हा शून्यापासून सुरू होणार नाही. तुझा लहानपणीचा दमा तू विसरला असशील, विमा कंपनी विसरत नाही. नव्याने पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे ५ लाखांचे कवच तुझ्या शिष्यवृत्तीत बसेल. कमी पडले तर मी आहे.

आता तो प्रश्न. गेल्या फेब्रुवारीत तैलबैल्याच्या कातळभिंतीवरून पडून तुझी कॉलरबोन मोडली, तेव्हा बाबा तुझ्या उशाशी होते आणि मी खाली बिलाच्या खिडकीपाशी होते. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रस्तरारोहण करताना पडला’ असे लिहिलेले पाहून कंपनीने खुलासा मागितला. पॉलिसीत एक कलम असते, ते मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचले: प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग अशा खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. विमा नियामकाने सर्व कंपन्यांना घालून दिलेले हे शब्द आहेत. ‘व्यावसायिक म्हणून’ हे दोनच शब्द मी बोट ठेवून तीन-चार वेळा वाचले, आणि ‘माझा मुलगा विद्यार्थी आहे, तो मित्रांबरोबर स्वखर्चाने गेला होता,’ असे पत्र लिहून दिले. ते पत्र खरे होते. दावा मंजूर झाला.

आज तसे पत्र मला लिहिता येणार नाही. तू दर शनिवारी लोकांना डोंगरावर घेऊन जातोस, मानधन घेतोस, आणि पाठीवर ‘लीडर’ लिहिलेल्या टी-शर्टमधले तुझे फोटो माईआत्यासुद्धा बघते. मानधनाला व्यवसाय म्हणायचे की नाही, हे मला माहीत नाही, त्या कलमातही ते सांगितलेले नाही. म्हणूनच तू फॉर्मवर खरे लिही आणि शनिवार-रविवारच्या या कामासह कवच मिळेल का, हे कंपनीला लेखी विचार. उत्तर नकारार्थी आले, तरी ते आज कळलेले बरे. आयोजकाने लीडरांसाठी अपघात विमा घेतला आहे का, तेही विचार. घेतला असेल तर त्याची प्रत माग आणि त्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे पाहा, कारण अनेक अपघात पॉलिसींत ते सरसकट वगळलेले असतात.

तू म्हणालास की तुझ्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जातात, तोही विमाच आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर २ लाख मिळतात. रुग्णालयाच्या बिलाला त्यातला एक पैसा मिळत नाही. वारसाच्या रकान्यात माझे नाव आहे. ते २ लाख घेऊन मी काय करू, अद्वैत?

हे लिहायचे नव्हते, क्षमा कर. पुन्हा शाळेतल्यासारखे समजावत सुटले, तेही कळते आहे.

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या तू सात वर्षांचा असताना चढलास. खोबणीत तुझा अख्खा पंजा मावत असे. मी मागून तुझ्या टाचांखाली हात धरून चढत होते आणि तू एकदाही खाली पाहिले नाहीस. माथ्यावर पोहोचल्यावर तू मला पाणी दिलेस, आधी मला आणि मग स्वतः प्यायलास. तुझ्याबरोबर येणाऱ्या त्या परक्या मुलांनाही तू असेच आधी पाणी देत असशील, याची मला खात्री आहे आणि त्याचा अभिमानही आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी रात्री-अपरात्री दरीत उतरून लोकांना वर काढतात, त्यांच्याविषयी तू बोलतोस तेव्हा तुझा आवाज बदलतो, हे बाबांच्याही लक्षात आले आहे. त्यामुळे हे सोड असे मी म्हणणार नाही. फॉर्मवर मात्र ‘नाही’ लिहू नकोस. खोटे उत्तर कंपनीला नंतर सापडले, तर दावा नाकारला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि त्या वेळी खिडकीपाशी पुन्हा मीच उभी असेन.

जुन्या पॉलिसीची प्रत बाबांच्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे. तिचे फोटो उद्या पाठवते. चढताना कमरेला बांधतोस त्या हार्नेसला पाच वर्षे होऊन गेली असावीत. नवा घे, पैसे मी देते. शनिवारी निघण्यापूर्वी फोन कर, कितीही लवकर असला तरी चालेल.

तुझी,
आई