बाबांच्या मुठीच्या मापाची कडी : मिस्त्रीकाकांना आभारपत्र

ती. स्व. मिस्त्रीकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तुम्ही निघालात, तेव्हा माझ्या तोंडून आभाराचे दोन शब्दही नीट फुटले नाहीत. बाबा गाडीच्या मागे उभे राहून डिकी उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते, आणि त्यांच्याकडे पाहताना माझा गळा दाटून आला होता. त्या दिवशी राहून गेलेले बोलणे आज लिहून काढते आहे. ते सर्वांना वाचता यावे असे मुद्दाम लिहिते आहे, कारण दुरुस्तीच्या नावाखाली तुमच्याआधी आमच्याशी जे वागणे झाले तेही लोकांना कळायला हवे आणि तुम्ही जे केलेत तेही.

बाबांची एमजीबी ही दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९६५ सालची आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, तेव्हा जगाच्या हिशेबात ती काही अतिदुर्मीळ वस्तू नव्हे. पण दादरच्या आमच्या इमारतीच्या आवारात ती ताडपत्रीखाली उभी असली तरी येणारा-जाणारा थांबून विचारतो. बाबा जहाजावर इंजिनिअर होते. सत्तरच्या दशकात मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती विकत घेतली आणि पुढे प्रत्येक रजेत तिचा एकेक भाग स्वतः उघडून, साफ करून, जोडून ठेवला. मुंबईच्या खाऱ्या हवेत जुनी ब्रिटिश गाडी टिकवायची म्हणजे गंजाशी रोजची लढाई असते आणि ती त्यांनी एकट्याने लढली आहे.

आता त्यांना आमवात आहे. बोटे सांध्यांपाशी वाकली आहेत आणि अंगठ्यात जोर उरलेला नाही. या गाडीची डिकी बाहेरच्या बटणाने उघडते. ते अंगठ्याने आतपर्यंत दाबून धरायचे आणि त्याच वेळी झाकण वर उचलायचे. निरोगी हाताला हे काम जाणवतही नाही, पण बाबांना ते अशक्य झाले. गाडी चालवणे त्यांनी केव्हाच सोडले असून रविवारी सकाळी मी चालवते आणि ते शेजारी बसतात. मात्र डिकी अजून त्यांचीच आहे. कॅनव्हासच्या गुंडाळीतले पाने, ग्रीसचा डबा, पुसायची मऊ फडकी, कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांना डोळे मिटूनही सांगता येते, आणि त्यातली एखादी काढायला मला हाक मारावी लागली की ते ती वस्तू नकोच म्हणत. डिकीला विजेवर चालणारी कडी बसवून घ्यावी, एक बटण दाबले की काम व्हावे, एवढीच आमची मागणी होती.

ती मागणी घेऊन आम्ही आधी उपनगरातल्या एका चकचकीत गॅरेजमध्ये गेलो. तिथे बसायला थंडगार खोली होती, कॉफी होती आणि बाबांना ‘अंकल’ म्हणून खुर्ची देण्याइतके अगत्यही होते. फक्त त्यांना कोणी काही विचारले नाही. सगळे प्रश्न मला केले गेले, आणि बाबांनी मध्येच सांगितले की ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, तेव्हा मालकाने मान डोलावून पुढचे वाक्य पुन्हा माझ्याशी बोलायला घेतले. बाबांचे ते वाक्य ऐकून घेतले असते तर पुढचे सगळे टळले असते. या गाडीत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला बांधलेले आहे. १९६७ नंतरच्या एमजीबींमध्ये ते उलटले आणि आज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत निगेटिव्ह टोकच बॉडीला असते. कडी ओढणाऱ्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाच्या, साध्या गुंडाळीला करंट कुठल्या दिशेने आला याने फरक पडत नाही, पण त्यांनी बसवायला घेतलेल्या रिमोटच्या किटमधल्या सर्किटला नक्की पडतो. त्यांनी सवयीप्रमाणे काळी वायर बॉडीला आणि लाल वायर लाइनला जोडली, आणि जळका वास सुटून किट तिथल्या तिथे गेले. दुसरे किट आणून त्यांनी ते कसेबसे चालू केले आणि गाडी आमच्या ताब्यात दिली.

याहून मोठा घाव दुसराच होता. ‘लूक क्लीन दिसेल’ म्हणून त्यांनी मूळ बटण आणि कुलूप काढून टाकले होते, त्या जागी पुट्टी भरून वरून रंग मारला होता. म्हणजे वीज हा डिकी उघडण्याचा एकुलता एक मार्ग उरला. पहिल्याच पावसात दुसरे किटही बंद पडले, आणि स्टेपनी, जॅक, बाबांचे पाने असे सगळे आत अडकले. त्या डिकीच्या तळाखालीच पेट्रोलची टाकी असते आणि तिच्या डोक्यावर या लोकांनी फ्यूज न लावता उघड्या जोडाची वायर नेली होती, हे आम्हांला तुमच्याकडून कळले. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की इतक्या जुन्या गाडीत असे चालायचेच, आणि नंतर फोन उचलणेही बंद झाले. दुसऱ्या एका दुकानदाराने तर डिकीचे झाकण कापून काढण्याचा सल्ला दिला. साठ वर्षांचा पत्रा कापायची भाषा तो माणूस गाडीच्या मालकासमोर करत होता, आणि बाबा काहीही न बोलता खाली बघत होते. त्या दोघांविषयीचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

तुमचे नाव शेजारच्यांनी सुचवले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांच्या वायरिंगमध्ये तुमचे आयुष्य गेले असे त्यांनी सांगितले होते, आणि खरे सांगायचे तर ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारशी त्याचा काय संबंध, अशी शंका माझ्या मनात आली होती. तुम्ही आलात, सीटच्या मागची फळी उघडलीत, तिथल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपाशी वाकून कुठले टोक बॉडीला गेले आहे ते पाहिलेत, आणि बाबांकडे वळून म्हणालात, “पॉझिटिव्ह अर्थ ना, काका?” बाबांचा चेहरा त्या क्षणी जो उजळला तो मी विसरणार नाही. गाडी ज्यांची आहे त्यांच्याशी कोणीतरी गाडीविषयी बोलत होते.

बंद डिकी तुम्ही पत्र्याला ओरखडाही न काढता कशी उघडलीत हे मी इथे लिहिणार नाही. ती युक्ती जाहीर न होणेच अशा गाड्यांच्या भल्याचे आहे. पुढच्या कामाची सगळी जंत्रीही देत नाही. पण काही गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. तुम्ही रिमोटचे खूळ काढून टाकलेत. लॅमिंग्टन रोडवरून रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, आणताना आतमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेलाच मागून घेतलात, कारण डायोडचा रिले या गाडीत नेहमीच्या पद्धतीने जोडला तर करंट सरळ डायोडमधूनच जाऊन फ्यूज उडतो. किल्ली फिरवणे बाबांच्या बोटांना जड जाते म्हणून लाइन इग्निशनवरून न घेता कायम चालू असणाऱ्या जांभळ्या वायरवरून घेतलीत आणि तिला वेगळा फ्यूज दिलात. बटण दाबले आहे तेवढाच वेळ करंट जाईल असे स्प्रिंगचे घेतलेत, म्हणजे गुंडाळी तापून जळणार नाही. आणि ते डॅशबोर्डच्या खालच्या कडेआड, गुडघा लागणार नाही आणि बाहेरच्या माणसाला दिसणार नाही अशा बेताने बसवलेत. अर्थिंग बिजागरीच्या भरवशावर न सोडता वेगळी वायर ओढून पत्र्यावरचा रंग खरवडून, स्वच्छ धातूवर घट्ट केलेत. यातले कोणतेही काम झाकण बंद झाल्यावर दिसत नाही.

पुट्टीही तुम्ही हळूहळू कोरून काढलीत. मूळ बटण बाबांनी त्या गॅरेजमधून मागून आणून रुमालात बांधून कपाटात ठेवले होते. ते तेल घालून मोकळे केलेत आणि त्याच्या जागी परत बसवलेत. संपूर्ण कामात एकही नवे भोक पाडले नाहीत, सगळ्या वायरी जुन्याच भोकांतल्या रबरी ग्रोमेटमधून नेल्यात. पन्नास वर्षांवरच्या वाहनांना व्हिंटेज म्हणून मान्यता देणारे केंद्र सरकारचे २०२१ चे नियमही मूळ रूप राखण्याची अट घालतात आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले वाहन त्यात बसत नाही. पण तुम्ही नियमाचा विषयही काढला नाहीत. “दुसऱ्याच्या जुन्या वस्तूला आपण भोक पाडायचे नाही,” एवढेच म्हणालात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येते. वीज गेली तरी डिकी उघडली पाहिजे असा तुमचा आग्रह होता, म्हणून सायकलच्या ब्रेकची केबल डिकीच्या कडीपासून सीटच्या मागच्या बाजूला आणून तुम्ही तिच्या टोकाला ओढायची कडी करणार होतात. मी म्हटले, “केबलचे टोक मोकळे सोडलेत तरी चालेल, गरज पडली तर मी ओढेन.” तुम्ही मला उत्तर दिले नाहीत. हात पुसलेत, बाबांच्या खुर्चीसमोर फरशीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, “काका, जरा मूठ वळा.” बाबांनी संकोचाने हात पुढे केला. अलीकडे ते लोकांसमोर हात पुढे करत नाहीत, चहाचा कपही कोणी बघत नसताना उचलतात. तुम्ही त्यांच्या तळव्यात तुमची दोन बोटे ठेवलीत आणि “आता धरा, दुखेल इतके नको,” असे म्हणून थांबलात. मूठ तुमच्या बोटांभोवती अर्धवटच मिटली. तुम्ही बोटे तशीच राहू दिलीत, मग तिसरे बोट आत सरकवलेत आणि विचारलेत, “असे जाड असले तर जोर लागतो?” बाबा म्हणाले, “हो, असे लागेल.”

मग तुम्ही जाड तारेची मोठी कडी वळवलीत, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत गेलात आणि तीन बोटांइतकी जाडी झाली की पुन्हा बाबांच्या हातात दिलीत. एका बाजूला पट्टीची कड त्यांच्या वाकलेल्या बोटाला टोचत होती, ती सोडवून पुन्हा गुंडाळलीत. काम पुरे झाल्यावर बॅटरीचे कनेक्शन काढलेत, डिकी धाडकन लावून टाकलीत आणि ती कडी बाबांच्या हाती देऊन म्हणालात, “आता तुम्ही उघडा, काका.” मी अभावितपणे पुढे झाले, तेव्हा तुम्ही हातानेच मला थांबवलेत. बाबांनी मनगटापासून सगळा हात मागे ओढला आणि खट्‌कन आवाज होऊन झाकण सुटले.

काका, बाबांच्या आजाराला आता बरीच वर्षे झाली. चांगले डॉक्टर भेटले, औषधे मिळाली, घरचे सगळे त्यांना जपतात. पण त्यांच्या हातात अजून काय शिल्लक आहे हे विचारून, तेवढ्यावर पुरेल अशी वस्तू त्यांच्यासाठी कोणी बनवली, असे पहिल्यांदाच घडले. आम्ही घरचेसुद्धा त्यांची कामे काढूनच घेत आलो होतो. या शहरात चांगुलपणा उरला नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्या गॅरेजच्या अनुभवानंतर मीही तेच म्हणू लागले होते. तरी आठवून पाहिले तर म्हातारे माणूस दांडा धरून नीट उभे राहीपर्यंत घंटी न मारणारा बेस्टचा कंडक्टर मी पाहिला आहे, बँकेत पेन्शनच्या दिवशी काउंटर सोडून बाहेर येणारी कारकून बाई पाहिली आहे. ही माणसे स्वतःविषयी कधी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी आपणच बोलले पाहिजे. तुमच्याविषयी तर मी भेटेल त्याला सांगते आहे.

तुमच्या कामाची हकीकतही कळवते. मधल्या काळात पाऊस धो धो झाला, गाडी ताडपत्रीखाली बरेच दिवस उभी राहिली आणि बॅटऱ्या उतरल्या. पूर्वी अशा वेळी माझ्या पोटात गोळा आला असता. बाबांनी मला वरून हाकही मारली नाही. खाली जाऊन, केबल ओढून, डिकीतून स्वतःच पाना काढून बॅटरीचे टर्मिनल सैल करायच्या खटपटीला लागले होते. नट त्यांच्याने सुटला नाही, तो मी सोडवला, पण पाना त्यांनी काढून आणलेला होता. बटणाभोवती रंगाचा जो डाग राहिला आहे तो जुळवून घ्यायचे काम बाकी आहे, आणि त्याला चांगला रंगारी तुम्हीच सांगावा असे बाबांचे म्हणणे आहे.

त्यांचा आणखी एक निरोप आहे. गणपतीत आमच्याकडे जेवायला यावे आणि येताना पिशवी आणू नये. गाडीत जागा दोघांचीच आहे, तेव्हा जेवण झाल्यावर मी घरी थांबेन. चालवायला तुम्ही, शेजारी बाबा, आणि शिवाजी पार्कावरून वरळीपर्यंत एक फेरी मारून यावे असे त्यांनी ठरवूनच टाकले आहे. तुम्हांला सोयीचा दिवस कळवावा. काकूंनाही माझा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
दादरच्या एमजीबीवाल्या काकांची मुलगी