शस्त्रक्रिया नाकावर, त्रास पोटाला

महोदय,

गेल्या वर्षी आईच्या नाकावरची छोटी गाठ काढली. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे सहसा शरीरात न पसरणारा त्वचेचा कर्करोग. जागेवर भूल देऊन अर्ध्या तासाचं काम. पण त्याआधी ५ दिवस आणि नंतर ५ दिवस अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. जखम छान भरली. पोट मात्र ३ आठवडे बिघडलेलं. रोजचा ताकभातही तिला नकोसा झाला.

गोळी नाकापुरती थांबत नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि त्यांची घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा घातक जिवाणू माजला तर जुलाब जिवावर बेतू शकतात. मेलॅनोमा या त्वचेच्या जास्त घातक कर्करोगाच्या रुग्णाबाबत तर जास्तच जपायला हवं. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार, किती लागू पडते याचा आतड्यातल्या जिवाणूंशी संबंध असल्याचं २०१८ मध्ये ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधांत दिसलं होतं.

जांघेत किंवा पायावर शस्त्रक्रिया असेल, हृदयात कृत्रिम झडप असेल, तर अँटिबायोटिकची गरज पडू शकते, हे मान्य. तेव्हाही बहुधा चिरा देण्याआधी तासाभरात एकच डोस पुरतो. चेहऱ्यावरच्या लहानशा, स्वच्छ जखमेत संसर्गाचा धोका मुळात कमी. मग १० दिवस कशासाठी? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच हे कारण रुग्णाला सांगावं, एवढीच कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा