तिसरा माणूस

ती. बाबांस आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर घरी सोबतीला कुणी ठेवायचा विषय काढला की बाबा हवापाण्याकडे वळतात, म्हणून लिहितेय.

परवा वेल्सच्या पश्चिम टोकाला, सेंट डेव्हिड्सला गेलो होतो. तिथून तीसेक किलोमीटर समुद्रात ‘स्मॉल्स’ नावाचे खडक आहेत. आपल्या रत्नदुर्गाजवळच्या दीपस्तंभावरचा माणूस निदान बाजारात तरी जाऊन येईल. इथे चहूकडे पाणीच. पहिला दीपस्तंभ 1775-76 मध्ये बांधला लिव्हरपूलच्या हेन्री व्हाइटसाइडनं, आणि त्याचा धंदा काय, तर वाद्यं बनवण्याचा! ओकच्या खांबांवर खोली, खालून लाटा निघून जायच्या. राहायला दोन रखवालदार.

1801 च्या सुमारास तिथे टॉमस हॉवेल आणि टॉमस ग्रिफिथ होते. दोघांचं पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक. त्यात ग्रिफिथ वारला. प्रेत समुद्रात सोडलं तर खुनाचा आळ यायचा. हॉवेल मूळचा पिंपं बनवणारा. त्यानं आतल्याच फळ्या काढून पेटी केली आणि बाहेर कठड्याला बांधली. वाऱ्यानं ती फुटली. म्हणतात, प्रेताचा हात बाहेर लोंबत हलायचा. वादळामुळे कित्येक आठवडे होडी पोचेना. येणारी-जाणारी जहाजं बघायची: कठड्याशी माणूस दिसतोय, रात्री दिवा लागतोय, म्हणजे सगळं ठीक. हॉवेलनं दिवा विझू दिला नाही, पण सुटून आला तेव्हा ओळखीच्यांनाही तो ओळखू येईना, असं सांगतात.

त्यानंतर अशा दीपस्तंभांवर तिघांना ठेवायची पद्धत पडली. (बाबा, स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटांवर डिसेंबर 1900 मध्ये तिघंच्या तिघं नाहीसे झाले, हे तुम्ही शोधून काढालच. मान्य. तरी माझं म्हणणं तेच.)

तुम्ही रोज रात्री ‘आम्ही मजेत’ म्हणता आणि मीही त्या जहाजांसारखी निर्धास्त पुढे जाते. आई न्हाणीघरात घसरली हे शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही खोदून विचारल्यावर. बाबा, तिला उठवताना तुमची कंबर धरली, हेही त्यांनीच सांगितलं. एकजण पडलं की दुसऱ्यानं किती आणि कुणाच्या जोरावर करायचं?

रात्री मुक्कामाला बाई ठेवूया. काकूंच्या ओळखीच्या आहेत, माझं बोलणं झालंय, पैसे मी पाठवते. आई, त्यांच्या हातचा चहा तुला पुचाट लागणार, त्यावर महिनाभर बोलायची मुभा आहे. बाबा, ‘परक्या माणसासमोर घरात कसं वावरायचं’ हे मला सांगू नका. तुम्ही तसंही दिवसभर ओटीवरच असता.

पहिल्या तारखेपासून येतील. तोवर मागच्या खोलीतली नारळाची पोती आणि जुनी रद्दी बाहेर काढून घ्या. बाबा, तुम्ही उचलायची नाहीत. गड्याला सांगा.

तुमची,
वैजू