केस गळतात यात आमचा काय गुन्हा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला केसांचा लेख वाचला, दिवसभर धुसफुसत होते, आज डबे भरून झाल्यावर लिहायला बसले. लेखकमहाशयांनी पुरुषांच्या टकलावर अर्धं पान खर्च केलंय, एक-दोन विनोद बरेही होते, पण बायकांच्या वाट्याला काय तर शेवटची दोन-तीन वाक्यं. ताण घेऊ नका, पालेभाज्या खा, सारखे शाम्पू बदलू नका. आणि त्याला अगदी चिकटून खाली केशवर्धक तेलाची जाहिरात. छान जुळवून आणलंय.

मध्यंतरी दिराच्या मुलाचं लग्न झालं. हॉलच्या दारात मुलीकडची एक पोरगी परडीतून गजरे वाटत होती, सोबत आकडा पण देत होती. माझ्यासमोर आली, डोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू तुम्हाला राहू दे ना, थांबायचा नाही." तिच्या मनात वाईट काही नसणार, कळतं मला, पण शेजारी नव्या विहीणबाई उभ्या, त्यांनी पण लगेच वर बघितलं. मी भांगात काळी आयशॅडो भरून गेले होते, कारण वरून लाइट पडला की माझा भांग हायवेसारखा दिसतो, आणि एसी काही चालत नव्हता, त्यामुळे अक्षता पडेपर्यंत ती आयशॅडो घामाबरोबर कपाळावर. मग पंगतीत सल्ले सुरू. जाऊबाई म्हणाल्या खोबरेलात जास्वंद आणि माका उकळ, मामेसासूबाई म्हणाल्या रात्री मोबाईल बघतेस ना म्हणून, कोणी कांद्याचा रस सांगितला (तोही लावून झालाय, घरातले लांबूनच बोलत होते). सगळ्यांचा सूर एकच, हिचंच काहीतरी चुकतंय. आणि आता तुमच्या पेपरातही तेच!

आमच्या स्किनच्या डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) सगळं बघितलं, रिपोर्ट नॉर्मल. मग भिंगातून भांग तपासला आणि मला फोटो दाखवला, शेजारशेजारचे केस पण एक जाड तर दुसरा लव असते तसा बारीक. म्हणाले हे आनुवंशिक आहे, घरात कोणाला होतं? तेव्हा आठवलं, माझ्या आत्याचा एवढा मोठा अंबाडा म्हणजे निम्म्याच्या वर गंगावन असायचं, आणि वडिलांना तर चाळिशीतच टक्कल. तुमचे लेखक म्हणतात आईचे वडील बघा म्हणजे कळेल. माझ्या आईच्या वडिलांचे केस शेवटपर्यंत दाट होते हो! आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्राचा वाटा आहे, पण बाकी जीन्स दोन्हीकडून येतात आणि ती एक-दोन नाहीत, शेकड्याने आहेत.

पन्नाशीपर्यंत निम्म्या पुरुषांना थोडंफार टक्कल पडतं हे लिहिलंत, पण तो आकडा मुख्यतः गोऱ्या लोकांचा, आशियात प्रमाण कमी असतं, ते राहिलं. आणि अमेरिकेत असे पुरुष अंदाजे 5 कोटी तर बायका 3 कोटी आहेत, हे का नाही लिहिलं? बायकांचं टक्कल पुढून मागे सरकत नाही, कपाळावरची रेघ बहुतेक जागेवर राहते आणि मधला भांग रुंदावत जातो. लुडविग नावाच्या डॉक्टरने 1977 मध्येच त्याच्या तीन पायऱ्या मांडल्यात. पाळी गेल्यावर हे वाढतं. तरुण मुलीला असं झालं आणि पाळी पण अनियमित असेल तर पीसीओएस (हार्मोन्स बिघडण्याचा बायकांचा विकार) आहे का बघायला हवं, ही एक ओळ छापली असती तर कोणाच्या तरी उपयोगी पडली असती. ताणाने किंवा डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपणानंतर केस गळतात ते खरंय, पण ते दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात. तुम्ही दोन्हीची भेळ केलीत.

आणि लेखातलं "यावर औषध नाही" हे तर कहर. मिनॉक्सिडिल मूळचं ब्लड प्रेशरचं औषध, 1988 मध्ये अमेरिकेत ते टकलावर लावायला मान्यता मिळाली, पुढे बायकांसाठीही. मी लावते. सुरुवातीला उलट जास्तच गळले, डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले नाहीतर बाटली फेकलीच असती. आता भांगाच्या कडेला बारीक केस उभे राहिलेत. जाहिरातीतल्या बाईसारखं काही झालेलं नाही आणि बंद केलं की पुन्हा गळणार, पण आयशॅडो कमी लागते.

लेखासोबत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावकऱ्यांचा फोटो कशासाठी होता? जानेवारी 2025 मध्ये त्या लोकांचे केस काही दिवसांत गेले, तिथे गव्हातल्या सेलेनियम या खनिजापर्यंत चर्चा गेली, त्याचा घराण्यातल्या टकलाशी काय संबंध? बिचाऱ्यांचे चेहरे दिसत होते.

आणि आता लिहितेच आहे तर, मागच्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं या वेळी छापलीत ती भलत्याच कोड्याची आहेत. आडवे सातमध्ये तीन अक्षरी शब्द हवा होता, तुम्ही पाच अक्षरी दिलाय. बरोबर उत्तरं कधी येणार ते कळवावे.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली