बदललेली कॉट कोणाची, हे बदलतानाच लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे-जूनमध्ये सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेतल्या दवाखान्यांच्या परिसरापर्यंत भाड्याच्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात आणि डिपॉझिटवरून वाद पेटतात. पुष्कळदा त्याचं मूळ एकच असतं. मालकाची जुनी कॉट, पंखा किंवा कपाट भाडेकरूने मधल्या काळात बदललेलं असतं आणि नवी वस्तू कोणाची, हा प्रश्न टेम्पो दारात उभा राहिल्यावर निघतो. जुनी तोवर भंगारात गेलेली असते. मालक नव्या कॉटची पूर्ण किंमत कापून घेतो, भाडेकरू म्हणतो ती मोडकीच होती, आणि पुरावा दोघांकडेही नसतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून ठेवतो. पण नोंदणी झालेल्या करारातही ‘कॉट १, कपाट १, पंखे २’ एवढंच लिहिलेलं असेल तर वाद मिटत नाही. ‘लोखंडी कॉट ६ × ३ फूट, वर प्लाय, एका पायाची रबरी टोपी नाही, लोखंडी कपाट, दाराच्या किल्ल्या २, लॉकरची १, उजव्या दाराला पोचा’ असं लिहावं. सोबत फोटो काढावेत आणि यादीच्या प्रत्येक पानावर दोघांनी सह्या कराव्यात.

वस्तू बदलायची असेल तर आधी मालकाला लेखी विचारावं. व्हॉट्सअॅप चालेल, पण मालकाचं उत्तर आलं पाहिजे. निळ्या टिका म्हणजे होकार नव्हे. त्यात तीन गोष्टी ठरवाव्यात: जुनी वस्तू कुठे राहणार, नवीचे पैसे कोणाचे, आणि घर सोडताना नवी कोण नेणार. जुनी विकायची ठरली तर आलेले पैसे मालकाचे. परस्पर भंगारवाल्याला देण्याचा अधिकार भाडेकरूला नाही, मग ती वस्तू कितीही जुनाट असो.

जुनं सामान ठेवून द्यायचं ठरलं तर ते नीट ठेवावं. गच्चीवर प्लॅस्टिक टाकून ठेवलेली गादी एका पावसाळ्यात बुरशीने जाते, कारण आतली ओल बाहेर पडत नाही. कडक ऊन दाखवून ती जुन्या सुती चादरीत गुंडाळावी. कॉट सोडवल्यावर नट-बोल्ट पिशवीत भरून पिशवी कॉटलाच तारेने बांधावी. प्लायच्या वस्तू विटांवर आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवाव्यात, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही लागतात. पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) वॉर्डरोब मात्र शक्यतो सोडवूच नये. त्याचे स्क्रू एकदा काढले की भुसा निघून भोक मोठं होतं, पुन्हा घट्ट बसत नाहीत आणि दारं लोंबतात.

पंख्याबाबत जास्त काळजी हवी. रिमोटचा बीएलडीसी (वीज कमी खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावताना इलेक्ट्रिशियन रेग्युलेटर काढून वायर थेट जोडतो. जाताना जुना पंखा परत टांगला तरी रेग्युलेटर जोडायचा राहतो आणि पंखा फुल स्पीडवरच फिरतो. त्याहून गंभीर म्हणजे हुकाजवळचं रबर, बोल्ट, नट आणि बोल्टमधली कॉटर पिन (नट निघू न देणारी दुमडती पिन) हरवते. पिनेशिवाय नट हळूहळू सैल होतो आणि पंखा अंगावर पडू शकतो. हे चार सुटे भाग जुन्या पंख्याच्या दांडीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवावेत.

स्वतःचा गिझर काढून नेताना मेन स्विच आणि पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. अर्ध्या इंची दोन्ही तोंडांना टेफ्लॉन टेप गुंडाळून डमी, म्हणजे तोंड बंद करणारं बूच, बसवावा. तो राहिला तर पुढच्या माणसाने कॉक उघडताच बाथरूमभर पाणी. टीव्हीच्या स्टँडची भोकं भरताना आधी गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात ठोकलेला तुकडा) उपसून काढावी, मगच पुट्टीचे दोन हात द्यावेत. वरवर फासलेली पुट्टी सुकली की गळून पडते.

डिपॉझिटमधून कापायचंच असेल तर तशाच वापरलेल्या वस्तूची आजची बाजारातली किंमत कापावी, नव्या बिलाची नव्हे. वापराने पडलेली झीज भाडेकरूच्या माथी मारू नये. पुराच्या पाण्याचंही तसंच. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या या शहरात, पाणी शिरणाऱ्या भागातल्या करारात मालकाचं सामान वर कोण हलवणार आणि कुठे, हे एका ओळीत असायलाच हवं.

भाडेकरूंनीही एक लक्षात घ्यावं. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे मालकाच्या परवान्याने राहण्याचा करार, रद्द झाला तर आपलं सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ ने दिला आहे. मात्र मुदत संपूनही घर अडवून ठेवलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते.

ऑनलाइन करार भरून देणाऱ्या शहरातल्या एजंटांना विनंती आहे की त्यांनी फर्निचरच्या यादीत ‘बदल’ असा एक रकाना वाढवावा आणि तारीख व दोन सह्यांसाठी त्यात जागा सोडावी.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली